पाचगणीत शिकलेला रॉकस्टार

पिंपळगाव बसवंतला टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असली, की शेवटच्या षटकात डीजेवाला हमखास एक ठेका लावतो. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. इंग्रजी शब्द कळोत न कळोत, मैदानाच्या कडेला उलट्या क्रेटवर बसलेली पोरंसुद्धा बरोबर तालात टाळी देतात. हे गाणं म्हणजे 'वी विल रॉक यू'. १९७७ साली लंडनमध्ये क्वीन नावाच्या चौघांच्या बँडनं ते ध्वनिमुद्रित केलं. लिहिलं गिटारवादक ब्रायन मे यानं आणि गायलं फ्रेडी मर्क्युरीनं. या फ्रेडीचं शाळकरी वय सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या वसतिगृहात गेलं, हे आपल्याकडे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं.

त्याचं खरं नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. वडील बोमी बलसारा तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल होते, आई जेर. घराणं पारशी, मूळचं गुजरातेतल्या बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आडनाव तिथूनच आलेलं. नाशिकहून पेठमार्गे घाट उतरून कपराड्याकडे निघालं, की लागतो तो वलसाडच जिल्हा. म्हणजे जगाच्या नकाशावर कुठेतरी दूर वाटणारा हा माणूस, त्याच्या आजोबा-पणजोबांचा मुलूख आपल्या नाशिक जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे.

१९५५ मध्ये, आठ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. आठ वर्षांचं पोर समुद्रापलीकडे का पाठवायचं? त्या काळच्या पूर्व आफ्रिकेतल्या पारशी आणि गुजराती कुटुंबांत यात नवल नव्हतं. तिथे चांगल्या इंग्रजी शाळा कमी होत्या आणि मुंबई-पुण्याकडे नातलग होते. पाचगणी तर साहेबानं हवापालटासाठी वसवलेलं गाव. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात तिथं बस्तान मांडलं, पुढे युरोपीय आणि पारशी कुटुंबं आली आणि त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. नाशिककरांना हा प्रकार नवा नाही, आपल्या देवळालीची बार्न्स शाळा याच जातकुळीतली. झांझिबारहून बोटीनं मुंबई, पुढे पुण्यापर्यंत रेल्वे आणि मग घाट, असा प्रवास होता. दर सुट्टीला घरी जाणं शक्य नसे. मग मावश्या-आत्यांच्या घरी, मुंबईला सुट्टी काढायची. सात-आठ वर्षं असंच चाललं.

वरचे दात पुढे आलेले, म्हणून पोरं 'बकी' म्हणून चिडवत. त्याच्या जबड्यात वरच्या बाजूला चार दात जास्तीचे होते आणि त्यांच्या रेट्यानं पुढचे दात बाहेर आले होते. ते त्यानं पुढे पैसा हाती आल्यावरही काढले नाहीत. आवाज बदलेल अशी धास्ती होती. 'फ्रेडी' हे नाव पाचगणीचंच. मास्तर आणि मुलं फारूखला फ्रेडी म्हणू लागली आणि तेच पुढे घरातही रुळलं. टेबल टेनिसमध्ये तो पटाईत होता, मुष्टियुद्धही खेळायचा, चित्रं उत्तम काढायचा, नाटकांत काम करायचा. शाळेच्या गायनवृंदात गायचा. मुलाला संगीताचा कान आहे हे मुख्याध्यापकांनी ओळखलं आणि थोडी जास्तीची फी भरून पियानो शिकवा, असं घरी कळवलं. बोमी बलसारांनी होकार दिला. फ्रेडी चौथ्या इयत्तेपर्यंतच्या पियानोच्या परीक्षा पास झाला, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही.

१९५८ च्या सुमारास, फ्रेडी बारा वर्षांचा असताना, पाच मुलांनी मिळून शाळेत बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रांच गिटार वाजवायचा, फारांग इराणी बेसवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर आणि फ्रेडी पियानोवर. पुढे ज्याच्या गळ्यानं स्टेडियमं दणाणली, तो मुलगा आयुष्यातल्या पहिल्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हता. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही पोरं शाळेच्या समारंभात वाजवायची. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं फ्रेडी पियानोवर जसंच्या तसं वाजवून दाखवायचा, अशी आठवण मित्र सांगत. त्याच रेडिओवर लताबाईंचा आवाजही होता. त्याच्यावरच्या सुरुवातीच्या संस्कारांत चरित्रकार लता मंगेशकरांचं नाव घेतात. त्याच्या गाण्यात लताबाई शोधायला जाऊ नये, सापडणार नाहीत. पण त्या वयात कानात काय काय साठलं होतं, याचा अंदाज येतो.

बँडमधल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं, तेही मजेशीर आहे. डेरिक ब्रांच ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी-सिनेमातला नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला. फारांग इराणीनं पुण्यात सिझलरचं हॉटेल काढलं. शाळेच्या हॉलमधल्या पाच पोरांमध्ये हे एवढं निघेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर हसं झालं असतं.

दहावीच्या आसपास फ्रेडीचं अभ्यासातलं लक्ष उडालं आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला झांझिबार स्वतंत्र झालं आणि महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ ला, तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता गेली, रस्त्यांवर अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या कत्तली झाल्या. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला पोचलं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका साध्या घरात राहू लागलं. सतरा वर्षांच्या मुलानं विमानतळावर सामान वाहण्याची कामंही केली.

१९६६ ते १९६९ तो ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. खोलीत जिमी हेंड्रिक्सची चित्रं लावलेली, अंगावर रंगीबेरंगी कपडे. रॉजर टेलर या ड्रमवाल्या मित्राबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. लहानसहान बँडांत गायला, तेही फार चालले नाहीत. ब्रायन मे आणि रॉजर यांच्या 'स्माइल' या बँडचा गायक सोडून गेला तेव्हा, १९७० मध्ये, फ्रेडी त्यांच्यात आला. नाव बदलून 'क्वीन' ठेवायचा हट्ट त्याचा. स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं तेही याच सुमारास. बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं: चौघांच्या राशी, त्यात दोन सिंह, एक खेकडा, कन्येसाठी दोन पऱ्या आणि वर फिनिक्स पक्षी. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

शिक्षणाच्या बाबतीत ही चौकडी रॉक बँडांमध्ये वेगळीच होती. ब्रायन मे खगोलभौतिकीत संशोधन करत होता. ते अर्धवट सोडलेलं काम त्यानं २००७ मध्ये पूर्ण करून डॉक्टरेट घेतली. त्याची गिटार त्यानं वडिलांच्या मदतीनं घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. टेलर दंतवैद्यकाकडून जीवशास्त्राकडे वळलेला, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. चौघेही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाणी गाजली. एका माणसाच्या जिवावर चालणारा हा बँड नव्हता आणि फ्रेडीवर लिहिणारे हे सोयीनं विसरतात.

सुरुवातीच्या ठेक्याकडे परत येऊ, कारण त्यातली करामत सांगण्यासारखी आहे. 'वी विल रॉक यू'मध्ये जवळजवळ शेवटपर्यंत एकही वाद्य नाही. ते पाय आणि त्या टाळ्या मूठभर माणसांच्या आहेत. जुन्या चर्चच्या हॉलमध्ये थाटलेल्या स्टुडिओत पडलेल्या लाकडी फळ्यांवर त्यांनी पाय आपटले आणि ते पुन्हा पुन्हा मुद्रित केलं. पण पाच-सहा माणसांचा आवाज हजारोंचा कसा करायचा? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठ्या मैदानात ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी आपल्या कानावर एक दशांश सेकंद उशिरा येते, त्यामागच्याची आणखी उशिरा. ब्रायननं मुद्रणाच्या प्रती वेगवेगळ्या विलंबानं एकमेकींवर चढवल्या आणि विलंबांची प्रमाणं मूळ संख्यांवरून ठरवली, म्हणजे एक विलंब दुसऱ्याच्या पटीत येऊ नये. पटीत आला तर डोंगरातल्या हाळीसारखा प्रतिध्वनी ऐकू येतो. पटीत आला नाही तर कानाला वाटतं, भोवती गर्दी आहे. पदार्थविज्ञानाचा असा उपयोग क्रिकेटच्या मैदानापर्यंत येऊन पोचला आहे.

फ्रेडीचं स्वतःचं सर्वांत मोठं काम म्हणजे 'बोहेमियन रॅप्सडी'. १९७५ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत त्याचं मुद्रण सुरू झालं. या गाण्याला ध्रुवपद नाही. आधी नुसते गळे, मग पियानोवरची संथ चाल, गिटार, मध्येच ऑपेरा, त्यानंतर दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांत. शब्दांत गॅलिलिओ आहे, इटालियन नाटकातलं पात्र आहे आणि झांझिबारच्या गल्ल्यांत रोज ऐकू येणारा 'बिस्मिल्ला'ही आहे. ऑपेराचा भाग करायला सुमारे तीन आठवडे लागले. गायले तिघंच: वरच्या पट्टीत टेलर, मध्ये फ्रेडी, खाली मे. तेव्हा फितीवर फक्त चोवीस ट्रॅक असायचे, म्हणजे एकावेळी चोवीस वेगवेगळे आवाज. म्हणून काही आवाज मुद्रित करायचे, ते सगळे एका ट्रॅकमध्ये मिसळायचे, मोकळ्या झालेल्या जागेत नवे भरायचे. असे थर जवळजवळ १८० झाले. फीत यंत्रातून इतकी वेळा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून पलीकडचा उजेड दिसू लागला, असं ही मंडळी सांगत. संपूर्ण रचना फ्रेडीच्या डोक्यात तयार होती. कागदाच्या कपट्यांवर स्वरांची अक्षरं लिहून तो इतरांना कुणी काय गायचं ते सांगायचा. गायनवृंदात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या मुलाला चार गळे एकमेकांत कसे बसतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाचगणीचा वाटा शोधायचाच तर मी तो इथे शोधेन.

गाणं निघालं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. रेडिओवर तेव्हा तीन मिनिटांची गाणी चालत, त्यामुळे कंपनीनं ते कापायला सांगितलं. बँडनं नकार दिला. केनी एव्हरेट या रेडिओवाल्या मित्रानं ते दोन दिवसांत चौदा वेळा वाजवलं आणि लोक दुकानांत विचारू लागले. ३१ ऑक्टोबर १९७५ ला गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनच्या यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं. दौऱ्यामुळे टीव्हीच्या कार्यक्रमाला जायला जमणार नव्हतं, म्हणून काही तासांत एक चित्रफीत करून दिली. गाण्यासोबत व्हिडिओ हवाच, ही चाल पुढे रुळली, त्यात या फितीचा मोठा हात.

आता गळ्याबद्दल. २०१६ मध्ये युरोपातल्या आवाज-संशोधकांनी फ्रेडीची ध्वनिमुद्रणं तपासून शोधनिबंध प्रसिद्ध केला. बोलताना त्याचा आवाज सरासरी ११७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मूळचा खालच्या पट्टीतला होता. तरी गायचा बराच वर. व्हायब्रेटो, म्हणजे लांबवलेल्या स्वरातली थरथर, बहुतेक गायकांत सेकंदाला पाच-सहा वेळा असते, त्याची सुमारे सात वेळा आणि थोडी अनियमित. खरखरीत आवाज काढताना तो मूळ स्वरतंतूंवरच्या खोट्या स्वरतंतूंचाही वापर करत असावा, असंही त्यांना दिसलं. मंगोलियाकडच्या कंठगायकांत असा प्रकार आढळतो. त्याचा गळा चार सप्तकं फिरायचा, ही चाहते सांगतात ती गोष्ट मात्र पुराव्यानं सिद्ध झाली नाही. चाहत्यांना हे रुचत नाही, पण गळ्याचं मोल सप्तकं मोजून ठरत नसतं.

आणि मग रंगमंच. हातात अर्धीच माइकची दांडी. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात दांडी तुटली, त्यानं तुटकाच भाग घेऊन गाणं पुरं केलं आणि पुढे तीच सवय झाली. कार्यक्रमात तो एक आलाप टाकायचा आणि हजारो लोक तो परत करायचे, मग आणखी अवघड, मग आणखी. निफाड तालुक्यातल्या हरिनाम सप्ताहाला बसलेल्या माणसाला यात अनोळखी काही वाटणार नाही: कीर्तनकार चरण अर्धा सोडतो आणि मंडप तो पुरा करतो. फरक भक्तीचा आहे, युक्ती तीच. समोरच्याला गायला लावलं की तो प्रेक्षक राहत नाही.

ही युक्ती सगळ्यांत ठळक दिसली १३ जुलै १९८५ ला, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम ठरवला होता. समोर ७२ हजार लोक, शिवाय उपग्रहावरून जगभर प्रक्षेपण. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. क्वीनचे दिवस तेव्हा फारसे बरे नव्हते. आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत त्यांनी कार्यक्रम केले होते, बहिष्कार मोडून. त्यावर सडकून टीका झाली आणि ती योग्यच होती. 'आम्ही राजकारण करत नाही' हा बचाव लंगडा होता. लाइव्ह एडला मात्र ते तयारी करून आले. वीस मिनिटांत काय काय बसेल याची आधी एका नाट्यगृहात तालीम केली, गाणी कापूनछाटून सहा घेतली आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास उतरले. 'रेडिओ गा गा'ला सगळं मैदान एकदम हात वर करून टाळी देतं, ते चित्रीकरण आजही पाहावं. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संगीत व्यावसायिकांच्या पाहणीत रॉकमधला सर्वोत्तम जाहीर कार्यक्रम म्हणून याचीच निवड झाली.

१९८६ च्या जुलैत क्वीन बुडापेस्टला गेली. हंगेरीत तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. फ्रेडीनं तिथलं एक लोकगीत हंगेरियनमध्ये गायलं. शब्द पाठ नव्हते, म्हणून तळहातावर लिहून आणले होते आणि गाता गाता उघड उघड हाताकडे बघत होता. लपवाछपवी नाही. मैदानही त्याच्याबरोबर गायलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, नेबवर्थला त्याचा क्वीनबरोबरचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. भारतात मात्र तो कधी गायला आला नाही.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. पुढची चार वर्षं त्यानं ते जगापासून लपवलं आणि काम वाढवलं. ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सेलोना' हा अल्बम केला, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथल्या स्टुडिओत उभं राहवत नसतानाही गायला. वृत्तपत्रांनी घराबाहेर पाळत ठेवली होती. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजाराचं निवेदन दिलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, वय ४५. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून केले. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि त्या कार्यक्रमाच्या पैशातून एड्सविरोधी कामासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' उभा राहिला. एचआयव्हीवर तीन-तीन औषधं एकत्र देण्याचा परिणामकारक उपचार १९९६ मध्ये आला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. भारतात ही औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात, तपासणीही फुकट आणि गुप्त असते, आणि माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. गाण्यावरच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. या माणसाच्या आयुष्याचा शेवट याच एका कारणानं झाला, म्हणून.

आपल्याकडे अधूनमधून 'तो आपलाच' असा सूर लागतो. जपून बोलावं. त्यानं स्वतः मुलाखतींत पाचगणी किंवा भारत फारसा सांगितला नाही, कधी स्वतःला पर्शियन म्हटलं. सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये उपखंडातून आलेल्यांना रस्त्यावर मार खावा लागत होता. नाव आणि मूळ झाकण्यामागे तेही असणार, असं मला वाटतं. त्याच्यावर हक्क सांगण्यापेक्षा त्याचं काम समजून घेणं मला जास्त बरं वाटतं.

पाचगणीला सहलीला गेलात तर एक सांगणं: सेंट पीटर्स आजही चालू असलेली निवासी शाळा आहे, मुलांचे तास चालू असतात, फाटकावर उभं राहून आत सोडा म्हणून गळ घालू नका. त्यापेक्षा घरीच लाइव्ह एडमधलं क्वीनचं एकवीस मिनिटांचं चित्रीकरण आधी पाहा. मग 'बोहेमियन रॅप्सडी' ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. हेडफोन लावा, म्हणजे काही शब्द डाव्या कानात आणि काही उजव्या कानात येताना नीट ऐकू येतील.